दोन्ही बाजूंचं बेअरिंग

थंडर बे, जानेवारी, उणे एकतीस.
आमच्या शोरूमची फरशी आतून ऊबदार.
गिऱ्हाईक आलं की आधी बुटांवरचा बर्फ विरघळतो,
मग माणूस.
कॉफी फुकट. गाडी धुऊन, पुसून, फुकट.
आवळा देऊन कोहळा, असं मी म्हणत नाही,
मला पगार आहे.
मी म्हणते, "चाकाचं बेअरिंग. दोन्ही बाजूंचं.
चौदाशे बारा डॉलर, कर वेगळा."
आणि कागद असा फिरवते
की सहीची रेघ त्यांच्या पुढ्यात येते.

रेल्वे यार्डापलीकडे माझे बाबा, एइनो साल्मेला,
मासळीच्या जुन्या वखारीत गाड्या उघडतात.
लिफ्ट एकच, कण्हत वर जाते.
लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून
ते चाकाचं ऐकतात, डोळे मिटून.
"हे गातंय," म्हणतात. "ते अजून गात नाही."
एकच बदलतात. साडेतीनशे.
बिल, खोक्याच्या फाडलेल्या पुठ्ठ्यावर.
जुना भाग गिऱ्हाईकाच्या हातात देतात, फिरवून बघ म्हणतात.
खरखर बोटांना कळली
की खिशाकडे जाणारा हात अडत नाही.
आमच्याकडे जुने भाग कुठे जातात
मला ठाऊक नाही. नऊ वर्षं झाली.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
इथे मीठच खातं:
रस्त्यावर पसरलेलं, पांढरं, सरकारी,
आधी सायलेन्सर, मग ब्रेकची नळी,
मग दाराच्या खालची कड, बिस्किटासारखी.
मी कुणाचं खाल्लं?
वखारीतल्या पैशांवर वाढले,
शोरूमच्या पैशांवर घर घेतलं.
रविवारी बाबांकडे जेवताना
आम्ही बटाट्यांबद्दल बोलतो.

मग व्हर्ना थिबो आली. शाळेची बस चालवते.
तिची स्वतःची गाडी अकरा वर्षं बाबांकडे.
डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा जाईना.
बाबांनी एक सेन्सर बदलला, मग दुसरा,
मग एक वायर, मग पुन्हा पहिला.
सातशे डॉलर. दिवा तसाच,
मांजराच्या डोळ्यासारखा.
आमच्या देनीने लॅपटॉप जोडला.
पोरगा तेवीस वर्षांचा, नखं स्वच्छ.
बारा मिनिटं. कंपनीनेच परत बोलावलेला दोष,
नवं सॉफ्टवेअर, बिल शून्य.
व्हर्नाने कॉफी अर्धी टाकली
आणि खाली वाकून मला म्हणाली,
"एइनोला सांगू नकोस."

मी सांगितलं.
फुशारकी होती का त्यात? थोडी होती.
बाबांनी काटा खाली ठेवला.
"किती घेतले?"
"काही नाही."
बराच वेळ ते आपले हात बघत राहिले,
रेषांतून न निघणारं काळं,
जणू कुणा दुसऱ्याचे.
मग उठून बिस्किटांच्या डब्यातून नोटा मोजल्या,
पाकिटात घातल्या. "तिला दे."

तिने घेतले नाहीत.
"अकरा वर्षांत त्याने माझे किती वाचवले,
ते त्याने कधी मोजलेत?
मग हे कशाला मोजतो?"
पाकीट मी परत नेलं. बाबांनीही घेतलं नाही.

आता ते माझ्या गाडीत, समोरच्या खणात.
परवापासून माझंही डावं पुढचं चाक
साठच्या वर गुणगुणतं.
आमच्याकडे कर्मचाऱ्यांना वीस टक्के सूट आहे.
बाबांकडे सूट नाही, ते पैसेच घेत नाहीत,
आणि सूट नसलेलं ते काम
मला जास्त महाग वाटतं.

आज काउंटरवर एका म्हाताऱ्याने कागद वाचला,
पुन्हा वाचला, चष्मा काढला.
"पोरी, तुझी गाडी असती तर
दोन्ही बाजूंचं केलं असतंस?"
माझं पेन हवेत.
मागे देनी हसून कुणाला तरी चावी देत होता.
फरशी ऊबदार होती.
"तुमचं कुठलं चाक गातंय?" मी विचारलं.