काना

नियम पहिला : दुभाष्यानं ‘ती म्हणते’ असं म्हणायचं नाही.
‘मी’ म्हणायचं.
म्हणून त्या मंगळवारी, प्लेनोतल्या माझ्या स्वयंपाकघरात,
शिट्टी ऐकू जाऊ नये म्हणून कुकरखालचा गॅस बंद करून,
मी फोनवर इंग्रजीत म्हणाले :
मला सतरावा आठवडा होता.

ती अमरिलोत, हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर.
कांचन ढाणे, वय एकोणतीस.
नवरा पवनचक्क्यांवर चढतो,
आधी चाळकेवाडीच्या पठारावर, आता टेक्ससच्या या सपाटीवर.
वारा तोच, म्हणाली,
फक्त इथं त्याला अडवायला काही नाही.
हे कशाला सांगतेय ही, डिटेक्टिव्ह पुटपुटला.
तेवढं मी मराठीत आणलं नाही.

दुखायला कधी लागलं. घड्याळ पाहिलं होतं का.
रक्त दिसल्यावर नऊ तास का थांबलात.
‘नवरा टॉवरवर होता, त्याचा फोन खाली लॉकरात.
आणि आदल्या रात्री इथूनच परत पाठवलं मला :
ठोका अजून लागतोय म्हणाले,
आम्हाला हात लावता येत नाही.’

फोनमध्ये तुम्ही शोधलंय : पपई खाल्ली तर काय होतं.
का शोधलंत?
‘खाल्ली होती म्हणून. दोन फोडी.
शेजारच्या फिलिपिनो मावशींनी प्रेमानं दिल्या.
सासूबाई ओरडतील म्हणून त्यांना नाही विचारलं,
फोनला विचारलं.’
फोननं सगळ्यांना सांगितलं.

कशात गुंडाळलंत?
‘दुपट्यात.’
इथं मी अडले. मग ब्लँकेट म्हणाले.
ब्लँकेट दुकानात मिळतं.
दुपटं कुणीतरी मांडीवर घेऊन शिवलेलं असतं,
आत जुन्या पातळाचे तीन थर,
आणि ते साताऱ्याहून सामानात आलेलं असतं,
वेळेच्या बरंच आधी.

खणलं कशानं?
‘उलथन्यानं.
भाड्याच्या घरात फावडं कोण ठेवतं?’
पलीकडून कीबोर्डचा आवाज. उलथनं
पुरावा क्रमांक अमुक.

आणि मग त्यानं तो प्रश्न विचारला,
ज्यासाठी आधीचे सगळे होते.
ती रडत होती. लाइनवर एसी होता की वारा, कोण जाणे.
ती म्हणाली : पडलं.
की पाडलं.

एका कान्याचा फरक.
पच्या पुढं एक उभी रेघ.
पहिलीत बाई सांगायच्या, काना वाकडा नको,
खिडकीच्या गजासारखा सरळ हवा.
आपला गर्भपात हा शब्द दोन्हींना चालतो,
आपोआप झाला काय, केला काय,
त्या शब्दानं कधी कुणाची चौकशी केली नाही.
चौकशी करणारा अमरिलोत खुर्ची ओढून बसला होता
आणि त्याला तो काना हवा होता.

नियम चौथा : नीट ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारा.

मी पुन्हा विचारलं नाही.
मी म्हणाले : माझं बाळ हरवलं.
इंग्रजीत असंच म्हणतात,
जसा काही जत्रेत हात सुटला.
हरवलं, की तुम्ही—
हरवलं, मी म्हणाले.

हे वाक्य मला पाठ होतं,
दोन हजार नऊपासून.
तेव्हा याच राज्यात, असल्याच एका मजल्यावर,
एका जाडजूड नर्सनं माझे पाय हातात घेऊन
त्यांत लोकरीचे मोजे घातले होते.
गार पडलेत गं, असं काहीसं म्हणाली होती.
दुसरं कुणी काही विचारलं नव्हतं.

अठ्ठेचाळीस मिनिटं. कॉल संपला.
कांचननं शेवटी विचारलं होतं, ताई, तुम्ही कुठल्या?
त्याचं उत्तर द्यायला परवानगी नसते.

कुकरमध्ये डाळ अर्धी कच्ची.
फोनमधली यंत्रातली बाई म्हणाली,
आवाज किती स्पष्ट होता, एक ते पाचमध्ये सांगा.

मी पाच दाबलं.