शेऱ्याचा रकाना

शाळेतले कोरे हजेरीपट रद्दीत निघाले तेव्हा
इराबत्तीबाईंनी अकरा उचलले,
पैसे भरून, पावती घेऊन. पावती अजून आहे.
एक रुपया दहा पैसे.
त्यातच त्यांनी आमचं कूळ लिहिलं:
डावीकडे नावं, वर तारखांच्या जागी सालं,
आणि अगदी उजवीकडे, दोन बोटं रुंद, शेरा.

शाळेत बाई, घरात चिन्नम्मा.
दाजी पेठेतल्या मुलींना बत्तीस वर्षं भूगोल.
मुली पहाटे कांड्या भरून यायच्या,
भुवयांवर सुताची पांढरी लव,
आणि यायच्या घंटा होऊन गेल्यावर.
बाई प्रार्थनेनंतर दहा मिनिटं पेनाचं टोपण काढत नसत.
'ग' लिहायला कितीसा वेळ लागतो, म्हणायच्या,
खोडायला लागतो.

जी नदी फळ्यावर काढायची
ती आपण एकदा तरी ओलांडलेली असावी, हा हट्ट.
म्हणून दर मे महिन्यात वळकटी.
लग्नाचं कोणी काढलं की रेल्वेचं वेळापत्रक उघडायच्या
आणि त्यातच डोकं घालून बसायच्या.
ब्रह्मपुत्रा नावेतून. झेलम पुलावरून, चालत.
अडुसष्टाव्या वर्षी रंगून, कारण कुणीतरी म्हणालं
आपला एक चुलत आजोबा तिथे लुंग्या विणायचा.
तो सापडला नाही. वहीत नोंद सापडते:
कडक भाकरी एकविसाव्या दिवशीही चांगली,
चटणीला मात्र वास.

पणजोबा सिरसिल्ल्याहून पायी आले, डोक्यावर मागाची फणी,
एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.
पुढचं विचारलं की पुरुष भिंतीच्या हद्दीवर यायचे.
चिन्नम्मा मग चुलीपाशी जायच्या.
तिथे सालं नसत, पण
"गड्ड्याच्या जत्रेत पाळणा मोडला त्या वर्षी ही पोटात होती"
असं काही मिळायचं,
आणि पाळण्याचं साल त्या नगरपालिकेतून काढायच्या.

त्रेचाळीसावी ओळ. लच्छव्वा.
अशी कोणी नव्हतीच, थोरले काका म्हणाले.
नव्हती कशी, चिन्नम्मा म्हणाल्या,
मी सात वर्षांची होते, माझी वेणी घालत होती,
अर्धी टाकून गेली.
मिलमधल्या जॉबरबरोबर, ते सगळ्यांना माहीत,
त्यामुळेच कोणी बोलेना.
शेऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं: प्रवासात.

सत्त्याऐंशी साली, निवृत्तीनंतर तिसऱ्या उन्हाळ्यात, सुरत.
धर्मशाळा, आठ दिवस, तेलुगू बोलणाऱ्या गल्ल्या एकेक.
नवव्या संध्याकाळी एका पायरीवर
एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत होती.
चिन्नम्मा खालच्या पायरीवर बसल्या. काही विचारलं नाही.
हजेरीपट उघडला आणि वरून नावं वाचू लागल्या,
आजा, बाप, तिघे भाऊ, तापानं गेलेली धाकटी,
त्रेचाळीसाशी थांबल्या.

म्हातारीनं सुपातून मान वर केली नाही.
"हजर," म्हणाली, मराठीत. चौथीपर्यंत शिकलेली.
मग तेलुगूत विचारलं,
मागच्या अंगणातली चिंच आहे का.
तोडली, चिन्नम्मा म्हणाल्या.
शेऱ्यातली पेन्सिल पुसलेली दिसते. तिथे शाईनं,
चिंचेचं विचारलं.

थोरले काका तो हजेरीपट पुन्हा कधी हातात धरायला तयार झाले नाहीत.

आता दोनशे बारावी ओळ माझ्यापुढे आहे.
इराबत्ती नागमणी राजेशम.
जन्म त्यांच्याच अक्षरात, मधली सालंही,
त्र्याण्णव चौकोन, एकेक बारीक 'ह',
शेवटचे थोडे कापरे, रेषेबाहेर गेलेले.
घरातले म्हणतात, तारीख टाकून मोकळी हो.
मिलचा भोंगा बंद होऊन किती वर्षं झाली,
शेजारचे यंत्रमाग वीज गेल्यामुळे गप्प आहेत,
रस्त्यावरून कोणीतरी चपला वाजवत पळत जातंय,
उशीर झाल्यासारखं.

टोपण अजून पेनाला आहे.
दहा मिनिटं.