बोस्त्यांवचा सदरा

हळदोण्याला बोस्त्यांवच्या खिडकीला काच नाही,
शिंपल्या आहेत, नखासारख्या पातळ.
दुपारी तीनला त्यांतून आत येतं
त्याला ऊन म्हणवत नाही.
पेजेवरची निवळ म्हणावी.

मानशीच्या पावणीच्या कागदांवर
लावायला त्याला फोटो हवा होता.
खिडकीशी बसवला, मीटर धरला.
खिडकी सांभाळली तर बोस्त्यांव काळा ठिक्कर,
बोस्त्यांव सांभाळला तर खिडकी जळून पांढरी.
मला मात्र दोन्ही दिसत होतं,
शिंपल्यांवरच्या रेषा
आणि त्याच्या कानामागची विडी.

मग गंमत म्हणून मोजलं.
खोलीतला त्याचा पांढरा सदरा
बाहेर उन्हात बसलेल्या कावळ्याहून
काळा निघाला.
मीटर खोटं बोलत नाही,
पण कावळ्याला पांढरा म्हणायला जीभ धजेना.
डोळ्याला शेजार लागतो.
मागच्या धुरकट भिंतीपेक्षा सदरा उजळ,
एवढ्यावर तो निकाल देऊन मोकळा.

रात्री ओहोटीला मानशीवर गेलो.
त्यानं बॅटरी विझवली. मला माझा हातही दिसेना.
"मातशें राव गो."
किती?
विडी ओढून होईल इतकं, म्हणाला,
पण विडी न ओढता.
तिचं टोकसुद्धा सगळं पुसून टाकतं.

आधी माडांची कड आली.
बऱ्याच वेळानं पाण्याची कातडी.
मग जाळं. पण त्याच्याकडे रोखून बघितलं की नाहीसं,
बाजूच्या खांबाकडे बघितलं की परत जागेवर.
"लग्नात नवरीच्या बहिणीकडे बघतात, तसं बघ."
सुंगटं उडत होती. रंग कशालाच नव्हता.

तेवढ्यात बांधावरून कुणाची तरी स्कूटर.
उजेडात गवताच्या चार काड्या लखलखल्या
आणि माड, पाणी, जाळं, सगळं गेलं.
बोस्त्यांव एका डोळ्यावर तळहात धरून उभा होता.
"एक काळोखासाठी राखून ठेवायचा," म्हणाला,
आणि जाळं ओढायला लागला.

फोटो दोनदा छापला. दोनदा परत आला.
पहिला बघून, "हांव खंय?"
दुसरा बघून, "जनेल खंय?"
काल तिसऱ्यांदा, लाल दिव्याखाली,
कागदावर उजेड पडत असताना
त्याच्या चेहऱ्याच्या जागी मी तळहात हलता धरला.
सावली धरली तर माणूस उजळतो,
हे त्याला कसं सांगायचं ते ठरलेलं नाही.
कागद अजून ओला आहे.
पावणी सोमवारी.