कोरडं वजन

सोमवार, बुधवार, शुक्रवार
पहाटे साडेपाचला, मांगेरेच्या डायलिसिस केंद्रात
आई आधी काट्यावर चढते.
चपला काढून, शाल काढून.
गळ्यातला क्रूस मात्र काढत नाही.
एकशे बारा पूर्णांक चार.
जोसेलिन वहीत लिहिते, मग वजाबाकी करते:
इतकं पाणी, इतकी तू.
उरतं त्याला इथे कोरडं वजन म्हणतात.

चार तास आईचं रक्त अंगाबाहेर हिंडून येतं.
लाल जातं, लालच परत येतं,
डोळ्यांना काही फरक कळत नाही.
ती झोपत नाही. पलीकडच्या खुर्चीतल्या
म्हाताऱ्या फालेतोलूशी बोलत राहते:
वावाऊला कुणाचं लग्न झालं, किती डुकरं भाजली,
कोण जेवल्याशिवाय गेलं. कुणीच नाही.
तहान लागली की बर्फाचा एक खडा
गालात धरते, खडीसाखरेसारखा.
दिवसाचं पाणी तिचं मापून ठेवलेलं.

मी थोरली. रक्तगट जुळला.
पेनरोझबाईंनी पडद्यावर दाखवली माझी दोन्ही मूत्रपिंडं,
घेवड्याचे दोन दाणे
अंधारात समोरासमोर बसलेले.
चांगली आहेत, म्हणाल्या. मग खुर्ची वळवून, हळू:
पण एक काढलं की दुसऱ्यावर सगळा भार,
आणि भार, कलिसी, आधीच फार आहे.
साखरही उंबरठ्यावर उभी आहे.
सव्वीस किलो उतरव. मग ये.

सव्वीस किलो म्हणजे
तांदळाचं एक पोतं
आणि वर किलोभर मीठ.

तेव्हापासून चालते आहे.
विमानतळावरची रात्रपाळी संपली की
खाडीच्या कडेनं, तिवरांच्या वासातून.
गुडघे कुरकुरतात.
गाडीतली पोरं काच खाली करून काहीतरी ओरडतात,
वाऱ्यात अर्धंच ऐकू येतं, तेवढं पुरतं.
अकरा किलो गेले.
नाताळात तीन परत आले,
माहेरपणाला आल्यासारखे.

रविवार सगळ्यात लांब.
चर्चहून आलं की परसातली उमू उघडायची,
तापल्या दगडांवरून वाफ उठते,
अळूच्या पानांत बांधलेलं खारं मांस, नारळाचं दूध.
आईला यातलं काहीही चालत नाही,
म्हणून ती माझं ताट भरते.
तिच्या वाटचंही.
मी म्हणते, पुरे.
ती म्हणते, मग रांधलं कुणासाठी?

ऑफिसं झाडायची ती, मी पाच वर्षांची होते तेव्हा.
पावाच्या कडा तिच्या, मधला मऊ भाग माझा.
लोक म्हणायचे, पेलेनाइसेची पोर बघा,
खात्यापित्या घरची.
तेव्हा तिची मान जी वर झाली ती अजून खाली आलेली नाही.
तो तोंडचा घास अजून माझ्या अंगावर आहे.
तोच उतरवायचा आहे मला,
म्हणजे पोटातला एक गोळा काढून देता येईल.

हे तिला सांगितलं नव्हतं.
तिला वाटायचं, पोरीला माझ्या हातची चव नकोशी झाली,
किंवा कुणी गोरा भेटला.
परवा रुग्णालयाचं पत्र तिच्या हाती पडलं.
दोनदा वाचलं. घडी घालून बायबलात ठेवलं.
म्हणाली, दिलेलं मी परत घेत नाही.
आणि भांडी घासायला उठली,
घासलेलीच भांडी.

रविवारी माझ्या ताटात अर्धंच होतं.
माझ्याकडे न बघता वाढलं तिनं,
उरलेलं शेजारच्या पोरांना दिलं,
डाव जरा जोरातच आपटला.

आज बुधवार.
आई काट्यावरून उतरली, पण बाजूला होईना.
माझ्या खांद्याला धरून म्हणाली, चढ.
रांगेतली माणसं बघत होती.
मी चपला काढल्या.
आकडा थरथरला, थांबला.
आई वाकून बघते, चष्मा नाही, मला विचारते, किती?
जोसेलिन पेन उघडून उभी.
हिचं नाव वहीत नाही, म्हणते,
हिचं कुठे लिहू?