कुठलं गाव

परभणीहून अर्धा किलो आणली,
ओल्या गोणपाटात, शेणात कालवून,
पॅसेंजरमध्ये मांडीवर धरून.
समोरच्या बाईनं विचारलं, पेढे का?
मी म्हटलं, तसंच काहीतरी.
मानवत रोड गेलं
तेव्हा एक तांबडा दोरा पिशवीतून निघून
माझ्या मनगटावर चढला होता.
कुठल्या देवाचा नव्हे. जिवंत.

सेलूत घंटागाडी सतरा दिवस आली नव्हती.
निळ्या ड्रमला भोकं पाडली, विटांवर ठेवला.
भिंतीपलीकडून मन्मथअप्पा डोकावले.
"कुठलं गाव ह्यांचं?"

आमच्याकडं माणसाला आधी हेच विचारतात,
पाण्याचा तांब्या नंतर.

विद्यापीठातला पोरगा तोंड भरून म्हणाला होता, आयसेनिया.
मी सांगितलं, लांबची आहेत, विलायतेकडची.
"का? आपली मेली का?"
म्हणत अप्पांनी मोरीमागच्या अळूच्या बुडाशी
दोन कुदळी घातल्या
आणि तळहात पुढं केला.
"ह्याला आम्ही शिदोड म्हणतो."
मातकट, वीतभर, तोंडाकडं जराशी जांभळी.
उजेडानं बावरलेली.
"ही बी टाका त्यातच. आपल्यांना का उपाशी ठेवायचं?"

टाकली.
सकाळी अप्पांची एकही नव्हती.
भोकांतून, विटांखालून,
न भांडता, आल्या वाटेनं खाली.
अप्पा जरा वेळ गप्प.
मग म्हणाले, "आयतं खाणं त्यांना जमत नाही."
मी काही बोलले नाही.
ह्यांना साली लागतात, त्यांना माती लागते,
नाव तेवढं एक.

लिंबू नको, कांदा नको,
उरलेला ठेचा तर मुळीच नको.
एकदा चुकून पडला, तर सगळी
ड्रमच्या पलीकडच्या कडेला गोळा,
लग्नात रुसलेल्या व्याह्यांसारखी.
चहाचा चोथा चालतो. अंबाडीचे देठ. पपई.
भिजवलेला पेपर,
आणि कुठल्याच बातमीला तोंड वाकडं करत नाहीत.
टरबुजाची साल ठेवली त्या रात्री
ड्रमला कान लावला.
पिठात कुणी बोटं फिरवावीत
तेवढाच आवाज.

मे महिन्यात नळ अकराव्या दिवशी.
तांदूळ धुतलेलं पाणी आधी तुळशीचं होतं,
आता वाटणी झाली.
ड्रम कूलरच्या नळीखाली सरकवला,
थेंब थेंब, गोणपाटावर.
मग वाऱ्यानं खांब पडला,
तीन दिवस लाईट नाही,
तीन दिवस थेंब नाही.

मेलेलं गांडूळ सापडत नाही.
विरतं, की उरलेली त्याला खातात, कोण जाणे.
हात घातला की एवढंच कळतं,
कमी झालीत.
सुतक धरायला काही हाती लागत नाही.

मोरीमागची काळी जमीन भेगाळली होती,
पाऊल जाईल अशी.
"आपली खाली गेलीत," अप्पा म्हणाले,
"गाठ मारून निजलीत हातभर खाली.
त्यांना म्हाईत असतं."
बोलण्यात थोडा तोरा होता.
रात्री मात्र भिंतीवर
त्यांच्या माठातलं तांब्याभर पाणी ठेवलेलं दिसलं.
कुणासाठी, ते बोलले नाहीत.

मला ह्या गल्लीत एकतीस वर्षं झाली.
अजून वाशीमच्या बाई म्हणतात.

आषाढात चाळलं. दोन घमेली.
चहापत्तीसारखं, पण वास पावसानंतरच्या रानाचा.
एक घमेलं अप्पांच्या अळूला घातलं.
आठव्या दिवशी हाक आली,
"ओ वाशीमच्या बाई, इकडं या, खायलेत बघा!"
खुरप्याखाली, खतात तोंड खुपसून,
एक.
"कुणाचं?" मी विचारलं.
अप्पांनी तळहात डोळ्यांजवळ नेला.
मातकट म्हणावं तर तांबूस,
तांबूस म्हणावं तर चिखल लागलेला.
संध्याकाळ झाली होती, चष्मा घरात होता.
ते बराच वेळ बघत राहिले.
मग बोटं सैल सोडली, वर माती ओढली.

"उद्यापासून आमच्या केळाच्या साली बी न्या," म्हणाले,
"अन् ती रव्याची चाळण द्या परत.
घरात बोलणं खायलोय मी
चार दिवसांपासून."