दुहेरी तुटक रेषा

बावीस वर्षं मी भूमी अभिलेखच्या कचेरीत
गावनकाशांच्या प्रती काढल्या.
एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट,
दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट.
ट्रेसिंगच्या कापडावर, काळ्या शाईनं, श्वास रोखून.
त्यातल्या एकाही वाटेची धूळ
माझ्या चपलेला लागली नव्हती.

मग उद्यमनगरात, बाबालाल शिकलगारच्या शेडमध्ये
ती जीप दिसली. टप नाही,
एक दार सुतळीनं बांधलेलं.
"ही घेऊन काय करणार, मॅडम?"
म्हटलं, नकाशे तपासणार.
तो हसला नाही.
"ऐतवारी पाचला या," म्हणाला, "डबा आणा दोघांचा."

बाजारभोगावच्या पुढं डांबर संपलं,
तिथं त्यानं पहिला धडा दिला:
गाडी बंद करा. उतरा. चाला.
सबंध पाणंद आम्ही पायी गेलो,
तो काठीनं चिखल मोजत,
मी पदर खोचून त्याच्या मागं.
"जितं पाय जाईना, तितं चाक घालायचं न्हाई."

टायरमधली हवा सोडली. पंधरावर.
"मऊ टायर भुई धरतंय.
माणसाचं बी तसंच, पर ते ऱ्हाऊ दे."

अंगठा स्टेअरिंगच्या आत नको, दगड लागला तर मोडेल.
छोटा दांडा मागं. फोर लो.
आता क्लचवरचा पाय काढा. काढा.
मॅडम, काढा की!

उतार आला.
दसरा चौकात स्कूटीचे दोन्ही ब्रेक
एकदम दाबणारी मी,
आणि हा सांगतोय, पाय लावू नका,
पहिला गिअर धरतोय गाडीला.
धरलं.
घरघरत, म्हशीच्या चालीनं,
जीप मला घेऊन खाली उतरली
आणि माझे दोन्ही पाय नुसतेच होते,
पाहुण्यासारखे.

डावीकडं जांभ्याचा सडा, मोकळा, ताटासारखा सपाट.
मी तिकडं पाहिलं. त्यानं मला पाहिलं.
"तितं रेघ हाय का तुमच्या नकाशात?"
नाही.
"मग न्हाई. टिटवीची अंडी असत्यात उघड्यावर."

पाटाचं पाणी झिरपत होतं, त्या वळणावर रुतलो.
चाक फिरलं, चिखल माझ्या चष्म्यावर.
उसातून खुरप्यासकट केराबाई चौगले बाहेर आल्या.
"कुणाला इचारून घुसलायसा?"
वाट नकाशात आहे, मावशी.
"नकाशा काडला कुणी?"
मीच.
त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"मग जरा सरळ काडायचा हुतास की गं!
माझी निम्मी जिंदगी गेली ह्या वाकड्यात."

नोंदीत ती पाणंद बारा फूट.
जागेवर नऊ.
उरलेल्या तीन फुटांत ऊस होता, नुकताच तोडलेला.
मला दिसत होतं. मला दिसतंय हे त्यांनाही.
कचेरीत असते तर बोलले असते.
इथं चिखल माझ्या पोटरीपर्यंत होता.
त्या वाकल्या,
त्याच तीन फुटांतला पाला कवेत घेतला
आणि माझ्या चाकाखाली पसरला.
"हळू घे. एकदम न्हाई."

निघाली.

डांबर लागायच्या आधी पायपंपानं हवा भरली,
एका टायरला दीडशे दाब.
बाबालाल मोजत होता, मी विसरत होते.
डब्यात मेथी होती, भाकरी गार झालेल्या.
चौथ्या टायरला माझी पाळी आली
तेव्हा तो झाडाखाली झोपला होता
आणि मी सत्तरपासून पुन्हा एक म्हटलं.