हिप्परग्याचा मुक्काम

बारा वर्षं या टेम्पोनं चादरी वाहिल्या.
मालकानं कारखाना विकला तेव्हा
थकलेल्या पगारापोटी यादगिरीनं
पैसे सोडून हाच मागून घेतला.
मी आठ दिवस बोलले नाही.

मग आत फळ्या ठोकल्या.
दाराला धोट्याची मूठ,
पडद्याच्या दोरीत ओवलेल्या रिकाम्या कांड्या,
गादीखाली पाच किलोची गॅसची टाकी,
डोक्यावर झिरोचा बल्ब.
शेजारीण म्हणाली, आईस्क्रीमची गाडी लावताय का?
तो म्हणाला, मोटारहोम.
गल्लीत कुणाला कळलं नाही. मलाही नाही.

ठरलं होतं श्रीनगर. मग गोवा. मग निदान महाबळेश्वर.
गड्डा उठल्यावर दुसऱ्या सोमवारी निघालो,
तुळजापूर रस्त्याला लागलो आणि
रेडिएटरनं शिट्टी घातली.
काट्यावर तेरा किलोमीटर.
समोर हिप्परग्याचं तळं, उन्हात पडलेलं.
"पोचलो," म्हणाला.

वनखात्याच्या बागेचा राखणदार पावती फाडायला आला,
खिडकीतून डोकावला, आमच्या कपबशा मोजल्या.
मुक्कामाला परवानगी नाही.
यादगिरीला ऐकू गेलं नाही. खरंच नाही.
अडतीस वर्षं मागांच्या खडखडाटात
त्याचे कान पार पिंजून निघालेत.
राखणदार तीनदा ओरडला,
पाण्यावरचे बगळे उठले, लांब जाऊन बसले.
मग त्यानंच कंटाळून चहा मागितला.

दुपारी काठानं चालायला निघालो.
तरवड, बाभळी, वाळलेल्या चिखलात
म्हशींच्या खुरांचे खळगे.
माझी चप्पल एकात अडकली, अंगठा तुटला,
त्यानं खिशातला दोरा काढून गाठ मारली,
तुटलेला ताणा जोडावा तशी,
बघता बघता, न बघता.
पलीकडच्या काठाला काहीतरी गुलाबी होतं.
पक्षी, मी म्हणाले.
टॉवेल वाळत घातलेत, तो म्हणाला.
खूप वेळ भांडलो. आमचं भांडण हातवाऱ्यांचं,
लांबून कुणाला वाटावं, ही माणसं पोहायला शिकतायत.
मग टॉवेल उडाले.

कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही.
अंधार पडला तसा तो गप्प झाला.
माझे ओठ दिसल्याशिवाय त्याला माझं बोलणं कळत नाही.
घरी रस्त्यावरचा दिवा खिडकीतून येतो,
त्यात निभतं.
इथं काही नाही. चांदण्या होत्या, पण त्या वर होत्या.
"बोलायचं असेल तर बल्ब लाव, भूदेवी," म्हणाला
आणि कुशीवर झाला.

मी बल्ब लावला नाही.
फळीला पाठ टेकून बोलत बसले.
आठ दिवस बोलले नव्हते ना, त्यातलं आधी.
मग त्याच्या आधीचं.
मग थेट लग्नाच्या सालातलं एक,
जे सांगायला मला कधी
पुरेसा अंधार मिळाला नव्हता.
मधेच एक टिटवी ओरडली, मी थांबले,
तिचं झाल्यावर परत सुरू केलं.
तोंड कोरडं पडेस्तोवर.

सकाळी राखणदारानं मागून धक्का दिला, मीही दिला.
गाडी सुरू झाली, सोलापूरच्या दिशेला तोंड करून.
यादगिरीनं हात पुसले, स्टिअरिंगवर तळवा ठेवला,
तसाच, जसा तो मागावर ठेवायचा
कुठला दात झिजलाय ते ओळखायला.
"रात्री एवढं काय चाललं होतं?"
मी त्याच्याकडे वळले.
"पाठीच्या फळीतून येत होतं," म्हणाला,
"कळलं नाही. पण लय चालू होती,
म्हणून झोपलो नाही."

रेडिएटरमध्ये तळ्याचं पाणी भरलंय.
तुळजापूर नाक्यापर्यंत पुरेल, म्हणतो.
पुढच्या खेपेला चौदा किलोमीटर.